साल संपलं की चूल संपली

पाडवा जवळ आला की आमच्या गल्लीतली माणसं गुढीची काठी धुतात, कडुनिंबाचा डहाळा कुठून आणायचा ते ठरवतात. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. मुद्दाम बसतो. पाडव्याच्या सकाळी बाभुळगावच्या या रस्त्यावरून सालदारांचे संसार जातात. आधी बैलबंडीत जायचे, आता छोट्या टेम्पोत जातात. खाट उलटी टाकलेली, खाटेच्या पायांत बादल्या अडकवलेल्या, गोधड्यांची वळकटी, टोपल्याखाली झाकलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली बाई, पदर तोंडावर ओढून. नवरा पुढं डायव्हरजवळ. जुन्या मालकाचं साल संपलं, नव्या मालकाचं सुरू झालं. आताशा असे गडी कमी झाले, तरी दोन-तीन टेम्पो दिसतातच. मी हात वर करतो. बाई ओळखत नाही, तरी पाहते. मला तिला सांगायचं असतं, बाई, पाहून घे, या माणसानं बी चाळीस पाडवे असेच काढले, आणि हा ओटा त्याचा आहे. पण तेवढं सांगेपर्यंत टेम्पो वळणावर गेलेला असतो.

मी हरसिंग. शाळा तिसरीपर्यंत. लिहिताना मास्तरची मराठी येते, तोंडात आपलीच राहते. तांडा आमचा कळंबच्या बाजूचा. बापाच्या एका झोपडीत चार भाऊ, म्हणून मिसरूड फुटायच्या आधी मी साल धरलं. सालदार म्हणजे वर्षाचा बांधलेला गडी. पाडव्याला ठरतो, पाडव्याला सुटतो. मधल्या बारा महिन्यांत बैल त्याचे, वावर त्याचं, ऊन-पाऊस त्याचा. मालकाचं फक्त नाव. राहायला गोठ्याला लागून एक कोठा मिळतो. यात मला लाज वाटत नाही. मी हाणलेल्या वखराचे सरळ तास पाहायला दुसऱ्या गावची माणसं बांधावर उभी राहत. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यांनी वाटू द्यावं.

माझा बाप बी सालदारच. त्याची एक रीत होती, ती त्यानं मला दिली. दुसरं द्यायला त्याच्याजवळ काही नव्हतं. साल संपलं की चूल संपली. पाडव्याला उजाडता उजाडता वळकटी दोरीनं आवळून दारात ठेवायची आणि बाईनं घरातली चूल मोडायची. मालक ठेवतो की काढतो याची वाट पाहायची नाही. त्याच्या तोंडून 'नीघ' निघायच्या आधी आपण तयार असलो पाहिजे. त्याला ठेवायचं असलं तर तो स्वतः येईल आणि म्हणेल, सोड रे वळकटी. मग सोडायची. मग बाईनं माती कालवून नवी चूल घालायची. एकाच मालकाकडे सालामागून साल राहिलो तरी हे चुकवलं नाही. लोक हसायचे. राहायचं त्याच कोठ्यात आहे, मग चूल काहून मोडता म्हणायचे. मी सांगायचो, कोठा त्यांचा आहे, चूल आमची आहे.

सोमली लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या पाडव्याला रडली होती. चूल मोडणं म्हणजे तिच्या माहेरी अभद्र. नंतर ते तिच्या हातात भिनलं. तिची चूल पाहावी अशी असायची. कडा बोटानं गोल केलेल्या, तोंडावर पाण्याचा हात फिरवून आरशासारखी गुळगुळीत केलेली, बाजूला दूध ठेवायला आवलाची लहानशी जागा. तीच चूल वर्षानं ती खुरप्यानं फोडायची आणि तुकडे टोपल्यात भरून बांधावर टाकून यायची. तिला त्याचं काही वाटत होतं का, तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायची सवय मला नाही. ही माझी खोड आहे आणि ती मी मान्य करतो, पण बदलत नाही.

शेवटचा मालक भला माणूस होता. खोटं कायले बोलू. माझ्याच वयाचा. अठरा सालं त्याच्याकडे काढली, दर पाडव्याला त्यानं दारात येऊन 'सोड रे' म्हटलं. एका पाडव्याला तो आला, वळकटीकडे पाहिलं आणि हसला.

"हरसिंग, बुढा झाला तू आता. दरसाल हे बांधनं-सोडनं कायले पाह्यजे? तुले कोन काढते? मरेपर्यंत राह्य."

दुसरा असता तर पाया पडला असता. माझ्या पायात ते 'मरेपर्यंत' काट्यासारखं मोडलं. वखर हाणून राहिलो आणि डोक्यात तेच चालू. मरेपर्यंत राहीन. आणि मेल्यावर? तिरडी कोणाच्या दारातून उचलणार? चार माणसं टेकायला कोणाच्या ओट्यावर बसणार? म्हणजे मेल्यावर बी मालकाचे उपकार. संध्याकाळी बैल सोडले आणि सोमलीला म्हटलं, घर घेतो. ती भाकर थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"घ्या," म्हणे.

एवढ्यावर आमची मसलत संपली.

पैसा कुठून आणला ते मी सांगणार नाही. लोकांनी ते पुष्कळ सांगून झालं आहे. घर शोधण्यात ते साल गेलं. तांड्यात भावांच्या आधारानं खोली बांध, असं नातेवाइकांनी सांगितलं. मुकुटबनकडे दिलेली आमची एकुलती पोरगी म्हणाली, बा, माझ्या इथं या. मी कोणाचं ऐकलं नाही. मला आधाराचं नको होतं आणि पोरीच्या सासरचं तर नकोच होतं. शेवटी बाभुळगावात, गल्लीच्या टोकाला, हे घर सापडलं. शाळेतला एक शिपाई म्हातारपणी लेकाकडे चालला होता, त्याचं. दोन खोल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं, पुढं ओटा, मागं जराशी मोकळी जागा आणि तिच्याभोवती अर्धी पडलेली भिंत. सोमलीनं आत जाऊन दोन्ही खोल्या पाहिल्या, भिंतीला हात लावला, बाहेर आली. बरं आहे, म्हणाली. ती माणसालाही बरं आहे म्हणते आणि तापालाही बरं आहे म्हणते, त्यामुळं मला काही समजलं नाही.

कागद करायला गेलो तेव्हा टेबलामागच्या बाबूनं माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता शाईचा डबा पुढं सरकवला. मग कागदावर नाव वाचून म्हणाला, तुम्ही तांडेवाले ना, तुम्ही लोक तर फिरते, गावात घर घेऊन काय करता. मागं रांग होती. मी म्हटलं, साहेब, पेन द्या. त्याच्या पेनानं मी माझं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि तिसरीतल्या मास्तरनं शिकवलं तशी प्रत्येक शब्दावर सरळ रेघ ओढली. घाई केली नाही. रांगेतला एक जण खाकरला, त्याला खाकरू दिलं. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कुठच्या कुठं जात, हे खरं आहे. ते गेले म्हणून या बाबूच्या आज्याच्या घरात मीठ होतं. हे मी त्याला म्हटलं नाही. घरी येईपर्यंत मात्र सगळ्या रस्त्यानं मनात म्हणत आलो.

मालकाला सांगायला गेलो. तो सुपारी कातरत होता, ती कातरून झाली. मग म्हणाला, घेतलं तर चांगलं केलं.

"पण एक सांगतो तुले. तुमच्यानं एका जागी राहवनार नाही. एक साल राहून पाहा. मी येत्या पाडव्याले गाडी घेऊन येतो. तुह्या कोठा मोकळाच ठेवतो."

त्यात टोमणा नव्हता, माया होती. म्हणूनच जास्त झोंबलं. सोमली दाराच्या आड उभी होती. अठरा वर्षांत ती मालकाशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर पदर ओढून माझ्याकडे पाहून बोलायची, त्यानं ऐकून घ्यायचं. तशीच आताही बोलली.

"एक साल पाहू. नाही करमलं तं पाडव्याले परत येऊ."

मालकाचं मन राखायला बोलली की मनातलं बोलली, मला कळेना. आणि मी विचारीन तर हरसिंग कसला. त्या एका वाक्याबरोबर मी अख्खं वर्ष काढलं. घर मी घेतलं होतं, पण राहायचं की नाही ते तिच्या हातात होतं. मी एकटा तर कुठंही राहिलो असतो, हट्टानं दगडावर राहिलो असतो. हट्टानं राहणं वेगळं. तिला करमलं तर ते घर, नाही तर दोन खोल्या आणि वर कवेलू.

नव्या घरात तिनं चूल घातली ती उरकून टाकली. कडा गोल केल्या नाहीत. आवलाची जागा ठेवली नाही. मी पाहिलं आणि बाहेर येऊन बसलो.

मग मी खिळे ठोकायला लागलो. मालकाच्या भिंतीत खिळा ठोकायची सोय नसते. ठोकला तर कोणी काही म्हणत नाही, पण पाहतात. चाळीस वर्षं माझा सदरा खाटेच्या पायावर राहिला. इथं मी बाजारातून खिळे आणले आणि पहिल्याच दिवशी सदऱ्यासाठी एक ठोकला, टोपीसाठी एक ठोकला. बरं वाटलं. कंदील नव्हता तरी कंदिलासाठी एक ठोकला. छत्रीसाठी, विळ्यासाठी, पोरीनं पाठवलेल्या कॅलेंडरसाठी. चिखलाच्या भिंतीत खिळा जाताना जो दबका आवाज येतो तो मला आवडायला लागला. समोरच्या बेबीबाईनं, तिचा नवरा बँकेत शिपाई आहे, खिडकीतून विचारलं, बुढेबाबा, काय बांधून राह्यले? सोमलीनं आतून उत्तर दिलं, लुगडी दोन आन् खिळे वीस, दुकान टाकतेत.

करमत नव्हतं, हे मी लपवत नाही. मला बी करमत नव्हतं. वावरात उजेड चारी बाजूनं येतो, इथं एका दारातून येतो. सकाळी उठलो की हात शेणाकडे जायचे आणि शेण नसायचं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत नाहीत म्हणून जेवण जायचं नाही. बाजूच्या घरातली टीव्हीतली बाई दुपारभर भांडायची, आणि कोणावर रागावली तेही समजायचं नाही. नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. नळावर सोमलीची घागर मागं सरकवली जायची. मी एकदा गेलो, घागर उचलून पुढं ठेवली आणि तिथंच उभा राहिलो. पुढच्या वेळी घागर मागं गेली नाही. पण सोमली म्हणाली, तुम्ही कायले आले, बायाईच्या भांडनात. मग मालकाच्या विहिरीची गोष्ट काढली. तिचं पाणी कसं गोड होतं. पाण्याचं तिचं बोलणं ऐकलं आणि मला वाटलं, हिचा पाडवा ठरला.

गल्लीतल्या लोकांनी बी ठरवून टाकलं होतं. कोणी वाईट वागलं असं नाही. पण बोलताना 'तुम्ही आहा तोवर' असं बोलायचे. बेबीबाई साखर उसनी न्यायला दुसऱ्या घरी जायची, आमचं दार समोर असून. एकदा तिनं सरळच विचारलं, तुम्ही पाडव्यालोक आहा ना इथं? मी म्हटलं, कोणत्या पाडव्यालोक ते ठरलं नाही. ती हसली. मी हसलो नाही.

मृगाच्या आधी कवेलू फेरले. माझं वय पाहून लोकांनी गडी लावायला सांगितलं. चाळीस वर्षं दुसऱ्याचे गोठे शाकारले, आणि स्वतःच्या घराला गडी लावू? चढलो. एक-एक कवेलू काढून झटकला, फुटका बाजूला टाकला, चांगला उलटून बसवला. उतरताना शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय सटकला आणि गुडघा खरचटला, तो अजून थंडीत दुखतो. सोमलीनं हळद लावली. पावसात मग दोनच ठिकाणी गळलं. मालकाच्या कोठ्याला टिनं होती, ती गळत नव्हती. हे तिनं म्हटलं नाही. मला ऐकू आलं.

त्याच पावसात मी रोपवाटिकेतून सीताफळाचं रोप आणलं, काळ्या पिशवीतलं. आमच्या कोठ्यांच्या मागं सोमली काय काय लावायची. वालाच्या शेंगा, गवार, मेथी, तोंडलीचा वेल. सगळं एका सालात येणारं. झाड तिनं जन्मात लावलं नव्हतं. झाडाची सावली पुढच्या सालदाराला मिळणार, मग कोण लावतो. मी रोप तिच्या पुढं ठेवलं, मागच्या जागेत खड्डा करून दिला. तिनं खड्ड्यात गवार टाकली आणि रोप पिशवीसकट भिंतीला टेकवून ठेवलं. पिशवीत बरं हाय, म्हणाली, न्यायले सोपं जाते.

त्यावर मी दोन दिवस मागं फिरकलो नाही. तिनं रोज त्याला पाणी घातलं. थंडीत एकदा झाडायला म्हणून ती पिशवी उचलायला गेली तर पिशवी उचलेना. मुळं खालचं प्लास्टिक फाडून जमिनीत गेली होती. ती वाकून बघत राहिली. मी तिथंच भिंतीला टेकून पाहत होतो, तिला वाटलं मी पेंगतो आहे.

"हे तं आपल्याच मनानं बसलं," ती स्वतःशी म्हणाली. मग विळ्यानं उरलेली पिशवी कापून टाकली. आज त्याची फळं गल्लीतली पोरं कच्ची असतानाच चोरतात आणि मी शिव्या देतो. शिव्या द्यायला आपलं झाड लागतं.

दिवाळीला आमच्या तांड्यात कुवाऱ्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर फिरतात, मोठ्या माणसांना 'मेरा' करतात, म्हणजे त्यांच्या घराला चांगलं मागतात. इथं कोणाच्या पोरी येणार. संध्याकाळी सोमलीनं एकच दिवा लावला. तो कोनाड्यात ठेवला नाही, उंबऱ्यावर ठेवला नाही, हातात धरून ओट्यावर उभी राहिली. कोणाची वाट पाहते, की तेल संपेपर्यंत तशीच उभी राहणार, मला समजेना. वारा आला आणि तिनं पदर आडवा धरला. मी आत येऊन बसलो. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. धूर होता.

संक्रांत गेली. कापूस निघाला, लोकांच्या वावरात पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, त्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन बाया गल्लीतून जायला लागल्या. बाभुळगावच्या बाहेर पळस पेटला. होळी झाली. आणि मला रोज सकाळी पाडवा दिसायला लागला. घरात आम्ही दोघं आणि तिसरा पाडवा. त्याच्याबद्दल ती बोलेना, मी बोलेना. तिनं कोठीतलं धान्य उन्हात घातलं, ते पोत्यात भरलं. पोत्यात कायले भरते, असं मनात आलं. पोरीला फोन लावून ती पुष्कळ बोलली, आपल्या बोलीत, हळू. मी जवळ गेलो तर म्हणाली, काही नाही, सहज.

पाडव्याच्या दिवशी उजाडलं आणि मी उठलो. तोंड धुतलं. खाटेवरच्या गोधड्या गोळा केल्या, घडी घातली, वळकटी केली, दोरी काढली, गुडघा देऊन आवळली, दोन गाठी मारल्या आणि उचलून ओट्यावर दारात ठेवली. हे मी केलं असं म्हणता येणार नाही. हातांनी केलं. वळकटी ठेवून कमरेवर हात ठेवला तेव्हा समोरच्या बेबीबाईच्या घरावरची गुढी दिसली, आणि मग मला समजलं की मी कुठं उभा आहे.

लगेच सोडायला वाकलो होतो. तेवढ्यात आतून आवाज आला. खुरप्याचा, मातीवर. तो आवाज मी सालोसाल ऐकला आहे, चुकायचा नाही. आत गेलो. सोमली चुलीपुढं बसली होती आणि चूल मोडलेली होती. अर्धे तुकडे टोपल्यात. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं दारातून ओट्यावरच्या वळकटीकडे पाहिलं. मी मोडलेल्या चुलीकडे पाहिलं.

दोघांतल्या एकानंही तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. नाही उघडलं. मी समजलो, हिनं जायचं ठरवलं. ती काय समजली ते मला नंतर कळलं. मी बाहेर येऊन वळकटीशेजारी बसलो. गाठ सोडली नाही. कोणासाठी सोडू?

मालक बोलल्या शब्दाचा. नऊ वाजायच्या आत गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तो काठी टेकत आला. पांढरं धोतर, नवा सदरा. वळकटी पाहिली आणि त्याचं तोंड खुललं. दारातून वाकून आत पाहिलं, चुलीची माती दिसली.

"बाप्पा, तयारीच करून ठेवली तुम्ही. म्या तं म्हटलं, समजावून न्या लागते. चाल गा हरसिंग. वळकटी आता आपल्या कोठ्यातच जाऊन सोड."

बेबीबाई खिडकीत होती. शेजारचे दोघं गुढीपुढं नारळ फोडायचं सोडून बघत होते. मी वर्षभर सगळ्यांशी भांडलो होतो. बाबूशी मनात, नळावरच्या बायांशी उभं राहून, पावसाशी कवेलूवर चढून. आणि आता तोंडातून हो निघेना, नाही बी निघेना. नाही म्हणायला मागं कोणी उभं लागतं.

तेवढ्यात सोमली बाहेर आली. एका हातात बादली, एका हातात कुदळ. मालकाला वळसा घालून ती मागच्या जागेत गेली. माती खणली, आणून ओट्याच्या खाली ओतली. पाणी टाकलं. मूठभर कुटार, म्हणजे भुसा, टाकलं. लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि माती तुडवायला लागली. सगळे पाहत राहिले. मालक माझ्याकडे पाहायचा, तिच्याकडे पाहायचा.

शेवटी त्यानं विचारलं, हे काय चाललं सोमलीबाई.

आणि ती त्याच्याकडे तोंड करून बोलली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"चूल घालून राह्यली."

"आता? निघायच्या टायमाले?"

"कोन निघते?"

मालक वळकटीकडे बोट दाखवू लागला. ती पाय थांबवल्याशिवाय बोलत राहिली.

"हात चुकला मालक, सकाळी. ह्याइचाही चुकला, माह्याही चुकला. इतके साल झाले, हाताले काय समजते घर कोनाचं हाय ते. डोक्यानं नाही मोडली म्या. आता घालतो. ओली चूल हाय, वाळाले आठ दिवस लागतात. आठ दिवस मी इथून हालत नाही." मातीचा एक गोळा उचलून तिनं हातावर तोलला. "आन् चूल वाळल्यावर ते सोडून कोन जाते?"

मी वाकलो आणि वळकटीची गाठ सोडली. पाडव्याला दारात ठेवलेली वळकटी, कोणी 'सोड रे' न म्हणता, मी अख्ख्या जन्मात पहिल्यांदा सोडली.

मालक ओट्यावर बसला. काठीनं जमिनीवर दोन-तीन रेघा ओढल्या. मग हसला, पण ते हसणं थकलेलं होतं.

"म्हंजे मले आज चहा बी नाही."

"पानी हाय," सोमली म्हणाली. "नळाचं हाय. गोड नाही, पन हाय."

पाणी प्याला. उठला. मी गाडीपर्यंत गेलो. गाडीत बसताना त्यानं हळूच विचारलं, कोठा मोकळा ठेवू का अजून एक साल. त्याला बी एकटं वाटत असेल, लेकरं नागपूरला, बैल विकलेले. मला त्याची कीव आली आणि तरी मी म्हटलं, नका ठेवू मालक, गरजवंताला द्या. त्यानं मान हलवली. आजही तो कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाताना इथं थांबतो, चहा घेतो. चहा मिळतो आता.

मी परत आलो तर ती आत जुन्याच जागी चूल घालत बसली होती. मला म्हणाली, मले वाटलं तुम्हीच चालले. वळकटी बांधली तं म्या समजली, बुढ्याचा जीव बैलात अडकला. मी म्हटलं, मले वाटलं तू चालली. ती हसायला लागली. मातीच्या हातानं तोंड झाकून हसली, तर तोंडाला माती लागली. मग आमच्या बोलीत म्हणाली, आपणो घर छ. घर आपलं आहे. मी म्हटलं, ते कागदावर लिहिलं आहे, मी स्वतः सही केली आहे. तुम्ही तं सही केली, ती म्हणाली, म्या काय केलं होतं? आणि चुलीच्या कडेवरून बोट फिरवायला लागली.

त्या दिवशी आमच्या घरात काही शिजलं नाही. गॅसचं पुस्तक अजून मालकाच्या गावच्या पत्त्यावर होतं, म्हणून इथं टाकी मिळत नव्हती, आणि ओल्या चुलीत जाळ केला तर ती तडकते. कालची भाकर होती, ती चटणीसोबत खाल्ली. दुपारी दारात बेबीबाई उभी. हातात झाकलेलं ताट. पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, वडे. तुमच्या घरातून धूर नाही निघाला आज, म्हणाली, सणाचा दिवस. मी नको म्हणणार होतो, माझ्या तोंडावर आलंच होतं. सोमलीनं उठून ताट घेतलं.

"ताट मंग देजा, काही घाई नाही," म्हणत बेबीबाई गेली.

आमच्यात आलेलं ताट रिकामं परत देत नाहीत, काही तरी करून घालावं लागतं. आणि चूल ओली. आठ दिवस ते स्टीलचं ताट आमच्या घरात राहिलं. आमची भांडी पितळेची नि जर्मनची, त्यात ते एकच चकचकीत, मागच्या बाजूला बेबीबाईच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. सालदाराच्या घरी फाल्गुन-चैत्रात कोणी भांडं सोडत नाही. तो उद्या असेल की नाही, कोणी सांगावं. मी वीस खिळे ठोकले, कागदावर रेघ ओढून नाव लिहिलं, तेवढ्यानं काही झालं नव्हतं.

नवव्या दिवशी चूल पेटली. सोमलीनं लापशी केली. मी म्हटलं, भर ताट, देऊन येतो. तिनं एका वाडग्यात लापशी काढली आणि माझ्या हातात दिली.

"वाडगं द्या त्याइले. ताट राहू द्या अजून चार दिवस," ती म्हणाली. "मागाले येईन ना बेबीबाई इथं."